त्रेसष्ट झाडे आणि त्यांची आळी: प्रकल्प नोंदी, २०२५

१२ जानेवारी २०२५, रविवार

पुण्यात एरंडवण्यातील आमच्या गल्लीतील झाडांची पहिली मोजणी आज पूर्ण झाली. गल्ली जेमतेम चारशे मीटर लांबीची आहे आणि तिच्या दोन्ही कडांना मिळून ६३ झाडे उभी आहेत. गुलमोहर ११, सोनमोहर ९, कडुनिंब ८, खोटा अशोक ७, करंज ६, सप्तपर्णी ६, वर्षावृक्ष ५, वावळ ३, बुच २, ताम्हण २, सुबाभूळ २, वड १ आणि पिंपळ १. प्रत्येक झाडाचा घेर जमिनीपासून १.३७ मीटरवर, म्हणजे साडेचार फुटांवर, शिंप्याच्या टेपने घेतला. जिथे खोड त्याच उंचीवर फुगलेले किंवा दुभंगलेले होते तिथे माप थोडे खाली घेऊन तसा शेरा लिहिला, कारण पुढच्या वर्षी दुसरे कोणी मोजायला आले तर त्याला तीच जागा सापडली पाहिजे.

क्रमांक देण्यासाठी पत्र्याच्या चकत्या खिळ्याने ठोकण्याची सूचना आली होती, ती आम्ही मान्य केली नाही. खिळा सालीखालच्या जिवंत थरात जातो आणि त्या छिद्रातून बुरशीला आयती वाट मिळते. शिवाय झाडांवरचे जाहिरातींचे खिळे काढणे हेच आमच्या यादीतील एक काम आहे. क्रमांक गेरूने रंगवले. पावसात ते जातील, तेव्हा पुन्हा रंगवू.

मोजणीत जे सर्वाधिक खटकले ते येथे ठळकपणे नोंदवतो. ६३ पैकी ४८ झाडांना आळेच, म्हणजे बुंध्याभोवतीची पाणी मुरण्यासाठी मोकळी ठेवलेली मातीची जागाच, नाही. सिमेंट किंवा पेव्हर ब्लॉक थेट बुंध्याला भिडले आहेत आणि पाण्याचा थेंब आत जाईल अशी बोटभर जागाही कित्येक ठिकाणी शिल्लक नाही. नवीन रोपे लावण्याचा उत्साह सगळ्यांनाच होता. मोजणीनंतर मात्र असे ठरले की या वर्षीचे पहिले काम लागवडीचे नसून, जी झाडे आहेत त्यांची आळी मोकळी करण्याचे असेल.

२६ जानेवारी २०२५, रविवार

आज प्रत्येक झाडाची प्रकृती पाहिली. सोबत वनस्पतिशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक आणि आमच्या सोसायटीचे माळीकाका होते. पाहण्याची रीत साधी आहे. आधी लांबून शेंड्याकडे पाहायचे, कारण मुळांचे दुखणे पुष्कळदा शेंड्यावरच्या वाळक्या डहाळ्यांतून पहिल्यांदा कळते. मग फांद्यांचे सांधे, मग खोडावरच्या जखमा आणि शेवटी गुडघे टेकून बुंध्याचा पाया. लाकडी हातोडीने खोडावर ठोकत गेले की निरोगी लाकूड भरीव वाजते आणि पोकळ जागी आवाज लगेच बदलतो. माळीकाकांचा कान या कामात आमच्यापेक्षा कितीतरी तयार आहे. दोन ठिकाणी त्यांनी आम्हाला थांबवून पुन्हा ठोकायला लावले आणि दोन्ही ठिकाणी सालीखाली कुजलेले लाकूड निघाले.

क्रमांक ३४ हा मोठा गुलमोहर चिंतेचा आहे. त्याच्या बुंध्याशी, रस्त्याच्या बाजूला, लाकडासारखे कठीण, अर्धवर्तुळाकार बुरशीचे दोन थर दिसले. अशी बुरशी बुंध्यावर दिसते तेव्हा आतली कुज बरीच पुढे गेलेली असण्याचा संभव असतो. गुलमोहर मूळचा मादागास्करचा. सावली आणि फुले भरभरून देणारा हा वृक्ष आहे, परंतु लाकडाने ठिसूळ आणि मुळांनी उथळ असल्यामुळे अरुंद रस्त्यावर त्याच्यावर नजर ठेवावी लागते. छाटणीच्या दुसऱ्या टप्प्यात, मे महिन्याच्या अखेरीस, त्याच्या छत्रीचा, म्हणजे वरच्या फांद्या-पानांच्या पसाऱ्याचा, भार कमी करण्याचे ठरवले.

९ फेब्रुवारी २०२५, रविवार

परवानगीचे अर्ज तयार केले. आपल्या राज्यात नागरी भागातील झाडांना १९७५ च्या महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियमाचे संरक्षण आहे आणि प्रत्येक नागरी क्षेत्रासाठी वृक्ष प्राधिकरण व वृक्ष अधिकारी यांची तरतूद त्यात आहे. झाड तोडणे या शब्दाचा अर्थ कायद्याने मुद्दाम व्यापक ठेवला असून झाड जाळणे, कापणे किंवा कोणत्याही प्रकारे इजा पोहोचवणे हे सगळे त्यात येते. त्यामुळे ‘झाड माझ्या कुंपणातले आहे, फांदी मीच उतरवतो’ हा गल्लीत नेहमी ऐकू येणारा युक्तिवाद टिकत नाही. बैठकीत हे वाचून दाखवल्यावर दोन घरांनी स्वतःहून आपले छाटणीचे बेत मागे घेतले.

२०२१ मध्ये या कायद्यात दुरुस्ती झाली. पन्नास वर्षांहून जुन्या झाडांना वारसा वृक्ष मानण्याची आणि झाड तोडावेच लागले तर त्याच्या वयाइतकी झाडे लावण्याची तरतूद तीत आली. दुसऱ्या तरतुदीमागील विचार मला पटतो, कारण वयाचा हिशेब आल्याशिवाय जुन्या झाडाचे मोल कागदावर उतरत नाही. तरीही साठ वर्षांच्या वर्षावृक्षाखाली आज जेवढी सावली पडते तेवढी साठ रोपे मिळून पुढची दहा वर्षे तरी देऊ शकणार नाहीत, ही गोष्ट उरतेच.

२ मार्च २०२५, रविवार

आजचे काम सविस्तर लिहितो, कारण आजवर कागदावर मांडलेली अडचण आज प्रत्यक्ष हाताला लागली.

सुरुवात क्रमांक १२ च्या कडुनिंबापासून केली. खोडाचा घेर १.८४ मीटर असून बुंध्याभोवती चार इंच जाडीचे सिमेंट काँक्रीट होते. यंत्र न वापरता छिन्नी-हातोडा आणि पहार यांनीच तोडायचे, असे ठरलेले होते, कारण ब्रेकरचा एक घाव चुकला तर बोटाएवढ्या जाडीचे मूळ क्षणात चेचले जाते. कामगारांनी बाहेरच्या कडेपासून सुरुवात केली आणि खोडाकडे येत गेले. पहिला तुकडा उचलला तेव्हा त्याच्या खालच्या अंगाला केसांसारख्या तपकिरी मुळांची जाळी चिकटलेली होती. काँक्रीट आणि खालची कच यांच्यामध्ये जो कागदाएवढा ओलावा साठतो, त्याच्या शोधात ही मुळे वर येऊन काँक्रीटला चिकटली होती. कच काढल्यावर खालची माती इतकी घट्ट निघाली की खुरपे आत जाईना. तिला ओल्या मातीचा वास तर नव्हताच, तळघरासारखा कोंदट वास येत होता.

खोडाच्या तळाशी आणखी एक गोष्ट सापडली. झाड लहान असताना त्याला बसवलेला लोखंडी पिंजरा पुढे कोणी काढलाच नव्हता. त्याची खालची कडी सालीने तीन बाजूंनी पूर्ण गिळलेली होती आणि चौथ्या बाजूला ती अजून उघडी होती. कडीच्या वरच्या अंगाला खोड फुगलेले आणि खालच्या अंगाला बारीक राहिलेले होते. पानांत तयार झालेले अन्न सालीच्या आतल्या थरातून मुळांकडे उतरते आणि आवळलेल्या कडीपाशी ते अडते, म्हणून वर फुगवटा आणि खाली उपासमार. उघडा भाग कापून काढला. गिळलेला भाग उपटायला गेलो तर सगळी सालच सोलून निघाली असती, म्हणून तो आत तसाच राहू दिला. ज्याने हा पिंजरा बसवला त्याने झाड गुरांपासून वाचवलेच होते. पाच वर्षांनी येऊन तो काढण्याचे काम कोणाच्याच यादीत नव्हते.

खोडापासून एक मीटर जागा मोकळी करण्याचा आमचा निकष राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१३ मध्ये दिल्लीतील झाडांबाबत दिलेल्या आदेशावरून घेतला आहे. पदपथाच्या बाजूला तेवढी जागा मिळत नाही, तेथे साठ सेंटीमीटरवर समाधान मानले. झाडाची अन्नपाणी शोषणारी बहुतेक मुळे जमिनीच्या वरच्या दीड-दोन फुटांतच असतात आणि छत्रीच्या कडेपलीकडेही पसरलेली असतात, त्यामुळे एक मीटरचे आळे ही गरजेच्या मानाने फार थोडी जागा आहे. पण शून्याच्या तुलनेत ती पुष्कळ आहे.

दिवसअखेर चार आळी मोकळी झाली. माती पहारीने उकरायची नाही असे ठरले. पहिल्या दिवशी फक्त पाणी सोडले आणि ते मुरायला वेळ दिला.

१६ मार्च २०२५, रविवार

पानगळ जोरात आहे. वावळीच्या चपट्या, पापडीसारख्या फळांचा थर रस्त्यावर साचू लागला आहे आणि झाडणीच्या वेळी पेटवून देण्याचा जुना मोह पुन्हा डोके वर काढतो आहे. दोन ठिकाणी जाळीचे पिंजरे उभे करून पालापाचोळा त्यांत भरायला सुरुवात केली. मोकळ्या झालेल्या आळ्यांत तीन-चार बोटे जाडीचे पानांचे आच्छादन पसरले, मात्र खोडाभोवती वीतभर जागा उघडी ठेवली, कारण सालीला सतत ओला पाचोळा लागून राहिला तर साल कुजते. काही रहिवाशांना हे आच्छादन म्हणजे कचरा वाटतो. त्यांची तक्रार समजण्यासारखी आहे, म्हणून आळ्याच्या कडेला विटांची एक रांग लावली. कड आखलेली दिसली की तोच पाचोळा नीटनेटका वाटतो, असा आमचा अनुभव आहे.

१३ एप्रिल २०२५, रविवार

दुपारी अडीच वाजता तापमान घेतले. उन्हातल्या डांबरावर अवरक्त तापमापकाने ५७ अंश सेल्सिअस दाखवले आणि तीस पावलांवर, क्रमांक ४१ च्या वर्षावृक्षाखालच्या डांबरावर ३८. हवेचे तापमान मात्र दोन्ही जागी जवळपास सारखेच होते, फरक दीड अंशाचा. हा आकडा पाहून एक तरुण सहकारी निराश झाला. वास्तविक निराश होण्याचे कारण नाही. अंगाला जाणवणारा ताप हवेपेक्षा डोक्यावरच्या उन्हाचा आणि तापलेल्या रस्त्या-भिंतींच्या झळांचा अधिक असतो, आणि झाड नेमके तेच अडवते. पानांतून होणाऱ्या बाष्पोत्सर्जनाने हवाही थंड होते, परंतु एकट्या झाडाचा गारवा वाऱ्याबरोबर वाहून जातो. सलग झाडी असेल तरच तो साचून राहतो, आणि तोही मुळांना पाणी मिळत असेल तरच. कोरड्या मातीतले झाड दुपारी आपली पर्णरंध्रे मिटून घेते. तेव्हा सावली मिळते, गारवा मिळत नाही.

भाजीची हातगाडी अकरापर्यंत गल्लीच्या तोंडाशी असते आणि त्यानंतर क्रमांक ४१ खाली येते. विक्रेत्या मावशींनी सांगितले की उन्हात मेथी-कोथिंबीर तासाभरात माना टाकते आणि मग अर्ध्या भावात द्यावी लागते. नगरातील झाडांच्या लाभांची गणना करताना प्राणवायू आणि कार्बन यांचे आकडे पुढे येतात. मावशींच्या कोथिंबिरीचा हिशेबही त्यात असायला हवा, असे मला मनापासून वाटते.

२७ एप्रिल २०२५, रविवार

परवानगी मिळालेल्या १४ झाडांची छाटणी प्रशिक्षित चमूकडून करून घेतली. फक्त वाळक्या, मोडक्या आणि तारांना घासणाऱ्या फांद्या उतरवायच्या, शेंडा छाटायचा नाही, असे लेखी ठरले होते. शेंडा छाटलेले झाड काही महिन्यांत खूप फुटवे फेकते आणि ते पाहून लोकांना झाड जोमात आहे असे वाटते. हे फुटवे वरवरच्या थरातून आलेले असतात, त्यांचा सांधा कच्चा असतो आणि चार-पाच वर्षांनी तेच वाऱ्यात मोडून पडतात.

जाड फांदी तीन कापांत उतरवली. पहिला काप खालून, खोडापासून हातभर अंतरावर आणि अर्धवटच. दुसरा त्याच्या थोडा पुढे वरून, म्हणजे फांदी आपल्या भाराने सुटताना खोडाची साल ओरबाडत नाही. आणि तिसरा, उरलेल्या खुंटाचा, फांदीच्या मुळाशी जी फुगीर कडी असते तिच्या लगेच बाहेरून. ही कडी वाचवणे हेच सगळे कसब. अमेरिकेच्या वनसेवेतील अॅलेक्स शिगो यांनी हजारो झाडे उभी चिरून दाखवले की झाडाची जखम आपल्या जखमेसारखी भरून येत नाही. झाड दुखावलेल्या लाकडाभोवती भिंती उभारून ते कोंडून टाकते आणि त्यावरून नवे लाकूड वाढवते. फांदीची कुज खोडात शिरू न देणारी भिंत या कडीपाशी उभी राहते. कडीसकट सपाट कापले तर ती भिंतच आपण काढून टाकतो, आणि लांब खुंट ठेवला तर तो कुजून बुरशीला आत नेतो.

चमूतील एकाने कापावर बोर्डो मलम (मोरचूद आणि चुन्याचा लेप) लावण्याचा आग्रह धरला. फळबागांत ती रीत रूढ आहे. आम्ही काप उघडेच ठेवले, कारण लेपाखाली ओल धरून राहिली तर कुज वाढते आणि काप योग्य जागी असेल तर झाड स्वतःच तो मिटवते. क्रमांक ८ च्या सोनमोहरावर कावळ्याचे घरटे होते आणि मादी बसलेली होती. ती फांदी पावसाळ्यानंतरसाठी राखून ठेवली.

२० मे २०२५, मंगळवार

आज सायंकाळी वाऱ्यासह मुसळधार पाऊस झाला आणि क्रमांक ३४ चा गुलमोहर मुळासकट रस्त्यावर आडवा झाला. सुदैवाने माणूस कोणी सापडले नाही. एका स्कूटरचा चेंदामेंदा झाला आणि एका घराची वीज गेली. अग्निशमन दलाचे जवान तासाभरात आले आणि त्यांनी रात्रीच रस्ता मोकळा करून दिला.

टॉर्चच्या उजेडात मुळे पाहिली. घराच्या बाजूची मुळे तुटताना ताणली जाऊन लांब सळ्यांसारखी बाहेर आली होती, म्हणजे तिकडून झाडाने शेवटपर्यंत धरून ठेवले होते. रस्त्याच्या बाजूला खोडापासून दीड फुटावर मुळे एका सरळ रेषेत संपत होती. ही रेषा कशाची ते सगळ्यांना ठाऊक आहे. दोन वर्षांपूर्वी तेथे केबलसाठी चर खणला गेला होता आणि मुळे कुदळीने तोडून, चर बुजवून, वर पेव्हर बसवले गेले होते. कापलेल्या टोकांतून कुज वर चढली आणि जानेवारीत आम्हाला बुंध्यावर दिसलेली बुरशी हा तिचा उशिराने दिसलेला भाग होता.

आमची चूकही येथे नोंदवली पाहिजे. बुरशी दिसल्यावर हे झाड पहिल्या टप्प्यात घ्यायला हवे होते. आम्ही मेची अखेर धरली, कारण पाऊस जूनमध्ये येतो हे गृहीत धरले. यापुढे बुंध्याशी बुरशी किंवा जवळून गेलेला चर, यांपैकी काहीही आढळले तर त्या झाडाची तपासणी आणि कार्यवाही पंधरा दिवसांत मागायची, असा नियम केला आहे. अशाच चराला लागून आणखी तीन झाडे आहेत: ३१, ३६ आणि ३७.

२६ मे २०२५, सोमवार

मोसमी वारे आज मुंबई-पुण्यात पोहोचल्याचे हवामान विभागाने जाहीर केले. मुंबईची नेहमीची तारीख ११ जून. १९५० पासूनच्या नोंदींत तेथे मोसमी पाऊस इतक्या लवकर कधी आला नव्हता. छाटणीचा दुसरा टप्पा थांबवला, फक्त ३१, ३६ आणि ३७ यांचा भार चमूने पावसाच्या उघडिपीत कमी केला. लागवडीसाठी आधीच घेतलेले खड्डे पाण्याने भरले. त्यांतून एक फायदा झाला: कोणत्या खड्ड्यातले पाणी दिवसभरात ओसरते आणि कोणत्या खड्ड्यात तीन दिवस साचून राहते हे आयतेच कळले. साचणारे दोन खड्डे रद्द केले.

१० जून २०२५, मंगळवार

आज वटपौर्णिमा. गल्लीच्या टोकाच्या वडाचा घेर ५.२ मीटर भरतो. त्याच्या वयाचा पुरावा आम्ही महिनाभर शोधत होतो आणि तो आज पूजेला आलेल्या ८२ वर्षांच्या आजींकडून मिळाला. १९६१ च्या जुलैत पानशेतचे धरण फुटले, पेठेतले घर पुरात गेले आणि त्यांचे कुटुंब इकडे राहायला आले, तेव्हा या वडाखाली बैलगाड्या सुटत असत. त्यांच्याकडे नंतरच्या काळातले एक छायाचित्रही आहे. वारसा वृक्षाच्या नोंदीसाठी त्यांचे निवेदन लिहून घेतले.

पूजेसाठी फांद्या तोडून नेण्याचा प्रकार या वर्षी झाला नाही. आठवडाभर आधी महिला मंडळानेच घरोघरी सांगितले होते की पूजा वडापाशी येऊन करावी. सूत सुती असावे, नायलॉनमिश्रित नको, हेही त्यांनीच सांगितले, कारण सुती धागा पावसात कुजून गळतो आणि नायलॉन वर्षानुवर्षे खोडाला आवळत राहतो. आठ दिवसांनी सूत सोडवून घेण्याचे दोघी जणींनी मान्य केले आहे.

या वडाच्या पारंब्या रस्त्यावर लोंबतात म्हणून आजवर दरवर्षी कापल्या जात. पारंबी जमिनीला लागली की तिचे खोड होते आणि आडव्या फांदीला खांब मिळतो. तो खांब आपणच काढून टाकतो आणि मग फांदी जड झाली म्हणून तीही कापतो. कुंपणाच्या बाजूच्या दोन पारंब्या आज उभ्या चिरलेल्या बांबूत माती व पानखत भरून जमिनीपर्यंत वळवल्या. बांबूत ओल राहिली तर त्या खाली उतरतील.

२९ जून २०२५, रविवार

लागवड झाली: सात रोपे, साठ नव्हेत. झाडांच्या जाती निवडताना मोठा वाद झाला. बहुतेकांना बहावा हवा होता आणि मलाही बहावा अतिशय प्रिय आहे. परंतु आमच्या गल्लीचा हिशेब वेगळे सांगतो. नगरातील झाडांबाबत अमेरिकेतील फ्रँक सँटामोर यांनी १९९० मध्ये एक ठोकताळा मांडला होता: एकाच जातीची झाडे दहा टक्क्यांहून अधिक, एकाच प्रजातीची (जवळच्या जातींच्या गटाची, genus) वीस टक्क्यांहून अधिक आणि एकाच कुळातली तीस टक्क्यांहून अधिक नसावीत. आमच्या ६३ झाडांत गुलमोहर, सोनमोहर, वर्षावृक्ष, करंज आणि सुबाभूळ मिळून ३३ झाडे एकट्या शेंगांच्या कुळातली होती, म्हणजे निम्म्याहून अधिक. बहावा आणि कांचनही त्याच कुळातले. एका कुळाला बाधणारी कीड आली तर सगळी गल्ली एकदम उघडी पडते. मुंबईत गेल्या दशकात पिठ्या ढेकणाने शेकडो वर्षावृक्ष वाळवले ते आपण पाहिले आहे. म्हणून बहावा वगळला आणि बकुळ २, ताम्हण २, वायवर्ण १, भोकर १ आणि मुचकुंद १ अशी निवड झाली.

रोपे पिशवीतून काढताना मुळे पाहिली. दोन रोपांची मुळे पिशवीच्या आकारात गोल गुंडाळलेली होती. ती सोडवून, बाहेरचे वेढे धारदार कात्रीने कापून मगच लावली, अन्यथा तेच वेढे पुढे खोडाला फास होतात. खोड जिथे पसरट होऊन मुळांत शिरते ती जागा मातीच्या वर राहील इतकेच खोल लावले. आधाराला दोन बांबू, मध्ये सुती पट्टीचा सैल आठ, आणि पट्टी सोडण्याची तारीख नोंदवहीत आजच लिहून ठेवली: जून २०२६.

२४ ऑगस्ट २०२५, रविवार

बुधवारी गणेश चतुर्थी. मंडळाच्या कार्यकर्त्यांशी बोलणे झाले. मांडवाचे खांब मोकळ्या केलेल्या आळ्यांत रोवायचे नाहीत, ते वाळूने भरलेल्या पिंपांत उभे करायचे आणि रोषणाईच्या माळा खोडाला न गुंडाळता दोऱ्यांवर टांगायच्या, हे त्यांनी एका बैठकीत मान्य केले. पोरांनी स्वतःहून विचारले की निर्माल्य पाचोळ्याच्या पिंजऱ्यात टाकले तर चालेल का. दोरे आणि प्लास्टिक काढून टाकले तर उत्तम चालेल.

पावसाचा एक हिशेब येथे लिहून ठेवतो. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. क्रमांक ४१ च्या छत्रीचा व्यास १८ मीटर, म्हणजे क्षेत्र सुमारे २५४ चौरस मीटर. दहा मिलिमीटरच्या एका सरीत त्यावर सुमारे २,५०० लिटर पाणी पडते. त्यातले काही पानांवरच थांबून उडून जाते, काही फांद्यांवरून खोडावर येते आणि खोडावरून थेट बुंध्याशी उतरते. तिथे आळे असेल तर ते मुरते आणि सिमेंट असेल तर गटारात जाते. जुलैतल्या मोठ्या पावसात ४१ च्या समोर पूर्वीसारखे तळे साचले नाही. एका पावसाळ्यावरून निष्कर्ष काढणे योग्य नाही, पण निरीक्षण नोंदवण्याजोगे आहे.

३० नोव्हेंबर २०२५, रविवार

गुरुवारी सकाळी पुन्हा चर खणणारी टोळी आली. कोणाच्या कामासाठी ते येथे लिहीत नाही. आखणी क्रमांक २० ते २६ च्या बुंध्यांपासून फूटभर अंतरावरून जाणारी होती. काम थांबवून मुकादमांना क्रमांक ३४ च्या कापलेल्या मुळांची छायाचित्रे दाखवली. मुकादम समजूतदार निघाले. त्यांनी वरिष्ठांशी बोलून रेषा रस्त्याच्या मध्याकडे दीड मीटर सरकवली आणि क्रमांक २३ पाशी, जिथे सरकवणे शक्य नव्हते, तिथे हाताने खणून मुळांच्या खालून नळी नेली. पाच मीटरला दोन तास अधिक लागले. मनगटाएवढी तीन मुळे शाबूत राहिली. ती उघडी असेपर्यंत ओल्या गोणपाटाने झाकून ठेवली.

या मुळांच्या बदल्यात खर्च झालेले दोन तास महाग की स्वस्त, असा प्रश्न एका शेजाऱ्यांनी सरळ मनाने विचारला. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या तज्ज्ञ समितीने २०२१ मध्ये झाडाचे मूल्य वर्षाला ७४,५०० रुपये या दराने त्याच्या वयाशी गुणून काढावे, असे सुचवले होते. अशा दराबद्दल मतभेद असू शकतात. वावळ क्रमांक २३ चे वय चाळीस धरले तरी रक्कम तीस लाखांच्या जवळ जाते, एवढे मी त्यांना सांगितले.

२१ डिसेंबर २०२५, रविवार

वर्षअखेरची मोजणी. जुनी झाडे ६२. सातपैकी सहा रोपे जगली. भोकराचे रोप सप्टेंबरात वाहनाच्या धक्क्याने मोडले, त्या जागी पुढच्या जूनमध्ये दगडी कठड्यासह पुन्हा भोकरच लावायचे आहे. ४८ पैकी २२ आळी मोकळी झाली, एक झाडच पडले, म्हणजे २५ बाकी. खिळे दोन किलोंहून अधिक निघाले. वडाच्या दोनपैकी एक पारंबी बांबूच्या तळाशी पोहोचली आहे, दुसरी सुकली. गेरूचे क्रमांक पुन्हा रंगवले.

क्रमांक १२ च्या कडुनिंबाचा घेर १.८४ वरून १.८६ मीटर झाला आहे. टेपच्या चुकीला जागा सोडली तर यावरून अजून काही म्हणता येणार नाही. आळ्यातला पाचोळा हाताने बाजूला केला. वरची पाने सुकी, खालची काळी आणि ओलसर, आणि त्यांच्याखाली माती इतकी भुसभुशीत की मार्चमध्ये जिथे खुरपे शिरत नव्हते तिथे बोट दोन पेरे आत गेले. कुजलेल्या पानांच्या थरात पांढरी, दोऱ्यापेक्षा बारीक, नवी मुळे सगळीकडे पसरलेली होती. दोन गांडुळेही दिसली. पाचोळा पुन्हा होता तसा झाकला. उरलेल्या २५ आळ्यांचे काम ११ जानेवारीला क्रमांक २ च्या करंजापासून सुरू होईल. पहारी माळीकाकांकडे आहेत, छिन्न्यांना धार लावायची आहे.